दिवसा डोळे मिटून बसणारा शॅमेलिऑन: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

गेली नऊ वर्षं मी कोल्हापुरात येमेनचे शॅमेलिऑन पाळते आहे. डोक्यावर उंच तुरा असलेले, रंग बदलणारे सरडे, म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन. आषाढ लागला की मला फोन यायला लागतात आणि तक्रार ठरलेली असते: "ताई, दिवसा डोळे मिटून बसतोय, दोन दिवस झाले काही खाल्लं नाही." या एका तक्रारीमागे सहा-सात वेगवेगळी कारणं असतात. बहुतेक कारणं घरच्या घरी सापडतात, खर्चही फारसा येत नाही. काही मात्र घरी सुटत नाहीत आणि तिथे हट्ट केला तर जनावर हातचं जातं. म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः तपासते त्याच क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. शॅमेलिऑन दुखणं लपवतो. रानात अशक्त दिसला की त्याला पक्षी उचलतो, साप गिळतो. त्यामुळे तो शेवटपर्यंत ठीक असल्यासारखाच बसतो. तुम्हाला दिसेपर्यंत दुखणं बरेच दिवस जुनं झालेलं असतं. "रविवारी निवांत बघू" असं करू नका.

लक्षणं

उजेड असताना एक किंवा दोन्ही डोळे मिटलेले. डोळ्यांचे उंचवटे खोल गेलेले. किडा समोर फिरतोय, डोळा त्याच्यामागे वळतो, पण जीभ सुटत नाही. सुटली तरी अर्ध्यात पडते. फांदीवरची पकड ढिली, कधी एक पाय हवेत लोंबकळतोय. नेहमी वरच्या फांदीवर असणारा जाळीच्या पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसलाय. रंग दिवसभर मळकट, गडद. यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तपासण्या करा.

काही गोष्टी मात्र साध्या असतात. रात्री तो डोळे मिटून फिका पडतो, ती झोप. कात टाकायच्या आधी डोळा फुगवून फांदीवर घासतो, पाणी उडालं की डोळा गरगर फिरवून साफ करतो, तेही नेहमीचंच. आणि नवीन आणलेला प्राणी माणूस समोर आला की डोळे मिटून घेतो, ती भीती. म्हणून पहिली तपासणी अशी: खोलीबाहेर जा, दाराच्या फटीतून वीस मिनिटं बघा. काचेत किंवा आरशात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही ना, तेही बघा. दुसरा नर समोर आहे असं समजून तो दिवसभर ताणाखाली राहतो. एकटा असताना डोळे उघडून फिरत असेल तर पिंजऱ्याची जागा बदला, पानं वाढवा आणि चार दिवस त्याला हात लावू नका.

विष्ठा बघा

याला एक पैसा लागत नाही आणि निम्मं निदान इथेच होतं. विष्ठेला दोन भाग असतात: काळपट शेण आणि त्याला चिकटलेला खडूसारखा यूरेटचा भाग, म्हणजे त्याची घट्ट लघवी. तो पांढरा असेल तर पाणी पुरेसं मिळतंय. टोकाला थोडा पिवळा चालतो. पण सगळा भाग नारिंगी आणि टणक असेल तर प्राणी तहानलेला आहे. चार दिवसांत विष्ठाच नसेल तर तो खात नाहीये किंवा पचत नाहीये, तारीख लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.

पाणी

कोल्हापूरच्या पावसात सगळ्यांची इथेच चूक होते. बाहेर धो धो कोसळतंय, भिंतींना ओल आलीय, मग फवारा कशाला, असं म्हणून लोक पाणी देणं थांबवतात. पण हवा दमट असली म्हणून शॅमेलिऑनच्या पोटात पाणी जात नाही. तो वाटीतलं पाणी ओळखतच नाही. त्याला पानावर हलणारा, चमकणारा थेंब लागतो.

हे मला रानात कळलं. पन्हाळ्याच्या बाजूला, दिवाळीनंतरच्या थंडीत, एका बोरीच्या झुडपावर आपला गावठी शॅमेलिऑन बसलेला दिसला. काही जण त्याला घोयरा म्हणतात. सूर्य अजून वर आला नव्हता. तो रात्रीच्याच फिक्या रंगात होता, आणि समोरच्या पानावरचं दव ओठांनी टिपत होता. एक पान झालं की मान इंचभर पुढे, मग दुसरं. पंधरा-वीस मिनिटं हेच चाललं होतं. नंतर ऊन अंगावर आलं तसा तो उन्हाकडची बाजू काळी करून, अंग चपटं करून शेकायला लागला. पाणी पहाटे, ऊन त्यानंतर, असा त्याचा क्रम होता. आम्ही घरी नेमकं उलटं करत होतो: दुपारी बाराला, शेकायचा दिवा तापलेला असताना, दोन फवारे.

त्या दिवसापासून मी दिवे लागायच्या आधी दोन-तीन मिनिटं बारीक फवारा मारते. दिवसा मेडिकलमधला नवा सलाईनचा सेट बाटलीला लावून वरच्या पानांवर ठिबक सोडते. चाकी फिरवून वेग असा ठेवायचा की दोन सेकंदांना एक थेंब पडेल. खाली डबा ठेवायचा. बोअरचं पाणी असेल तर फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, ते व्हिनेगरमध्ये भिजवून धुवा. पावसाळ्यात मात्र दुपारपर्यंत पानं कोरडी व्हायलाच हवीत. दिवसभर ओल आणि कोंडलेली हवा असली की छातीचा संसर्ग होतो. खिडकी उघडी ठेवा. खोलीत पंखा हळू फिरू दे, फक्त त्याचा झोत थेट अंगावर नको.

डोळे खोल गेलेले आणि यूरेट नारिंगी, पण प्राणी अजून फांदी घट्ट धरतोय, अशा वेळी दोन-तीन दिवस हे नेमाने करा. बऱ्याच जणांची तक्रार इथेच संपते.

तापमान

हाताने अंदाज घेऊ नका. बारीक वायरचा डिजिटल थर्मामीटर थोडक्या पैशात मिळतो. वायरचं टोक दिव्याखालच्या फांदीवर, प्राण्याची पाठ जिथे येते त्या उंचीवर बांधा. नराला शेकायच्या जागी २९ ते ३२ अंश लागतात, मादीला २७ ते २९ पुरतात. बाकी पिंजरा २२ ते २७. रात्री १५-१६ पर्यंत उतरलं तरी मोठा प्राणी धडधाकट असेल तर चालतं, रात्री दिवा लावायची गरज नाही.

अंग तापल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही, हे याचं कारण. पावसाळ्यात आपल्या खोल्या २३-२४ अंशांवर राहतात, त्यात तासन्‌तास लाईट जाते. पोटातला किडा तसाच राहतो, मग तो पुढचं खात नाही आणि डोळे मिटून बसतो. लाईट गेली असेल तर त्या दिवशी खायला घालू नका, एवढं साधं आहे.

वैशाखात उलटा त्रास. पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा ३८ च्या वर जातो. तेव्हा तो तोंड उघडून, फिका पडून बसतो. सावलीत, थंड जागी आणल्यावर थोड्या वेळात तोंड मिटलं तर ती उष्णता होती. सकाळच्या गारव्यातही तोंड उघडं, हनुवटी वर, श्वासाला टकटक आवाज किंवा तोंडाशी फेस, म्हणजे फुप्फुस. ते घरचं काम नाही.

यूव्हीबी नळी

यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण, ते पिंजऱ्यात देणारी ही नळी. या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझा पहिला नर मी इथेच गमावला.

नळी पेटलेली होती. पांढरा, स्वच्छ उजेड. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "जळेपर्यंत चालते." दीड वर्ष तीच चालवली. एके सकाळी त्याने किड्यावर जीभ सोडली आणि ती अर्ध्यातच पडली. त्याने ती ओढून घेतली, पण टोक ओठांबाहेर राहिलं, गुलाबी, धुळीने माखलेलं. पुढचे पाय कोपरापासून बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकले होते. मी रोज बघत होते, रोज थोडं थोडं वाकत गेलं, म्हणून मला दिसलंच नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा हाडं मांसाइतकीच फिकी दिसत होती.

नळीतून दोन गोष्टी निघतात. उजेड आपल्याला दिसतो. यूव्हीबी किरण दिसत नाहीत आणि ते उजेडाच्या कितीतरी आधी कमी होतात. या किरणांनी त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व बनायला सुरुवात होते, त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. स्नायू आखडायलाही कॅल्शियमच लागतं, म्हणून आधी जीभ आणि पकड जाते, हाडं नंतर वाकतात.

नळीच्या टोकाला मार्करने तारीख लिहा. जाड टी-८ नळी सहा महिन्यांनी आणि बारीक टी-५ एचओ नळी वर्षाने बदला, पेटत असली तरी. शेकायची फांदी नळीपासून साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर असावी. नळीच्या खोक्यावर अंतर दिलेलं असेल तर ते पाळा. मध्ये काच किंवा प्लास्टिक असलं तर यूव्हीबी जवळजवळ पोचतच नाही. "खिडकीजवळ ठेवलाय, भरपूर ऊन येतं" असं सांगणाऱ्यांच्या खिडकीला काच असते. डासांची बारीक जाळीही बरेच किरण खाते. मी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून दोन फूट बाय दोन फूट, चार फूट उंच अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून घेतली आणि तिला मोठ्या भोकांची, पावडर कोटिंगची जाळी लावली. साधी जस्ताची जाळी नखं आणि पाय सोलते.

दुसरी बाजूही आहे. नवा बल्ब लावल्यापासून दोन-तीन दिवसांत दोन्ही डोळे मिटले असतील तर तो बल्ब आजच काढा. काही पिळाच्या सीएफएल यूव्ही बल्बांनी डोळे सुजतात. बल्ब काढल्यावर बरेचसे प्राणी थोड्या दिवसांत डोळे उघडतात.

ऊन मिळेल तेव्हा त्याच्या तोडीचं काहीच नाही. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की सकाळी पंधरा-वीस मिनिटं जाळीच्या पिंजऱ्यात गच्चीवर ठेवा. अर्ध्या भागात सावली हवी आणि तुम्ही तिथेच बसायचं. घारी, कावळे आणि मांजरं यांचा भरवसा नाही. काचेच्या टाकीत उन्हात कधीही ठेवू नका, काही मिनिटांत भट्टी होते.

खाणं आणि पावडर

रातकिडे, झुरळांच्या पाळीव जाती, तुतीवाल्या शेतकऱ्याकडून मिळालेल्या रेशीम अळ्या हे उत्तम. किड्याची रुंदी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. मोठ्याला दिवसाआड पाच-सात पुरतात. किड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. प्रत्येक खाण्याला साधी कॅल्शियम पावडर अगदी हलकी भुरभुरायची, ड-३ आणि मल्टिव्हिटॅमिनची पावडर महिन्यात दोनदाच. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी डोळे सुजतात, पण "मग जास्त घालू" हा उपाय नाही, जास्त झालेलं अ आणि ड दोन्ही विषासारखे वागतात.

आपल्या भागासाठी तीन गोष्टी आवर्जून सांगते. उसाच्या फडातले नाकतोडे आणू नका, फवारणी कधी झाली हे मालकालाही नीट आठवत नाही. रुईच्या झाडावरचा पिवळा-निळा रंगीत नाकतोडा विषारी असतो, तो चिकाचं विष अंगात साठवतो. आणि काजवे. मृगाच्या सुमाराला राधानगरीकडे झाडं काजव्यांनी लखलखतात, कुणीतरी मुलांसाठी बाटलीत भरून आणतं आणि एखादा पिंजऱ्यात सोडतं. काजव्यातलं विष सरड्याच्या हृदयावर जातं, एका काजव्याने मोठा सरडा मेल्याच्या नोंदी आहेत. पिंजऱ्यात झाडंही जास्वंद किंवा मनीप्लांट ठेवा. कण्हेर, रुई, धोत्रा नको.

डोळा

एवढं सगळं ठीक असूनही एकच डोळा मिटलेला असेल तर आत कचरा किंवा कातेचा तुकडा असू शकतो. कोमट पाण्याचा अगदी बारीक फवारा दहा मिनिटं, थेट डोळ्यावर न मारता वरून पावसासारखा पडू द्या. तो स्वतःच डोळा फिरवून घाण बाहेर काढतो. दोन दिवस करा. बोटाने, कापसाने उघडू नका. घरातले डोळ्याचे ड्रॉप्सही घालू नका: त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जातो.

मादी असेल तर

मादी असेल आणि पाच-सहा महिन्यांच्या पुढची असेल, तर हे शेवटी न बघता सगळ्यात आधी बघा. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी धरते. "एकटीच आहे, अंडी कुठली?" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि त्यातल्या तीन माद्या वाचल्या नाहीत.

पोट दोन्ही बाजूंनी गोट्या भरल्यासारखं, खाणं कमी, पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या, कोपरे उकरणं, ही खूण. तिला जागा द्या: बादली किंवा टब, त्यात फूटभर खोल धुतलेली वाळू आणि माती निम्मी-निम्मी. ओल इतकी की मुठीने केलेला बोगदा ढासळू नये. पिंजऱ्याला चादर लावा आणि डोकावू नका. खणताना माणूस दिसला तर ती खड्डा सोडून देते आणि अंडी पोटात राहतात. एका खेपेला वीस ते सत्तर अंडी येतात, कधी त्याहून जास्त, हे तिच्या अंगावर फार मोठं ओझं असतं. तिला कमी खाऊ घालणं आणि जास्त न तापवणं यानेच हा आकडा आटोक्यात राहतो.

खणून-खणून थकली, अंडी आली नाहीत आणि आता तळाशी डोळे मिटून बसलीय, तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट दाबून अंडी काढायचा प्रयत्न कुणीही करू नये.

पिल्लं हवी असतील तर मादी वर्षाची होईपर्यंत थांबा. अंडी ज्या बाजूवर पडली त्याच बाजूवर, न उलटवता, दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) २५ ते २८ अंशांवर ठेवायची. सहा ते नऊ महिने लागतात. पन्नास पिल्लं फुटली तर ती कुठे जाणार, हे अंडी ठेवायच्या आधी ठरवा. मी दोनदा पिल्लं काढली, आता काढत नाही. सांभाळू शकेल असं घर प्रत्येकाला मिळालं नाही.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

दोन्ही डोळे २४ तासांहून जास्त मिटलेले. पाय वाकलेले, जबडा मऊ, किंवा फांदीवरून पडला. जीभ बाहेर राहिली. तोंडाशी फेस, पू, हिरड्यांवर पिवळा थर. मागून आतडं बाहेर आलंय. अंडी अडलेली मादी. किंवा पाणी, तापमान, नळी सगळं सुधारून तीन दिवस झाले आणि फरक नाही.

यातलं काही असेल तर तोंड उघडून पाणी-अन्न कोंबू नका, ते श्वासनलिकेत जातं. अँटिबायोटिकचा डोस प्राण्याच्या वजनावर ग्रॅममध्ये ठरतो, कोंबड्यांचं किंवा माणसांचं औषध अंदाजाने चालत नाही. गुराढोरांचे चांगले डॉक्टर आपल्याकडे भरपूर आहेत, पण आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघता का, हे स्पष्ट विचारा. नसतील बघत तर पुण्याला जायची तयारी ठेवा. साधारण २३० किलोमीटर आहे, पहाटे निघा. हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात एक फांदी घट्ट बसवा, तळाला ओला टॉवेल ठेवा आणि खोकं अंधारं राहू द्या. सोबत तारखांची वही, ताजी विष्ठा, नळीचं नाव आणि पावडरचा डबा न्या.

कागदही सोबत असू द्या. हे प्राणी सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते, आणि जन्म, मृत्यू, हस्तांतरही कळवावं लागतं. कागद नाही म्हणून डॉक्टरांकडे जायला घाबरणारे लोक मला भेटलेत. त्यात त्या मुक्या जीवाचा काय दोष? प्राणी घेतानाच कागद मागा, नसेल तर घेऊ नका.

रस्त्यावर सापडलेला घोयरा

निम्मे फोन याचेच असतात: "शेतात सापडलाय, हळू चालतोय, आजारी दिसतोय, पिंजऱ्यात ठेवलाय." तो आजारी नसतो. त्याची चालच तशी असते, दोन पावलं पुढे, एक झोका मागे, वाऱ्यात पान हलावं तसा. तो विषारी नाही, त्याचं फुत्कारणं आणि तोंड वासणं हा फक्त धाक आहे. भारतीय शॅमेलिऑनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि वर लिहिलेलं काहीही त्याच्यावर घरी करून बघायचं नाही. गाडीखाली आलेला किंवा कुत्र्याने धरलेला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बघायचाच असेल तर रात्री बॅटरी घेऊन माळावरच्या बाभळी-बोरी बघा. झोपेत तो इतका फिका पडतो की उजेडात फांदीच्या टोकाशी लगेच उठून दिसतो. मिनिटभर बघा आणि उजेड दुसरीकडे वळवा. पावसाळा सरताना मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, तेव्हा ती डांबरावर दिसते. गाडी बाजूला घ्या, मागच्यांना हात दाखवा. वेळ नसेल तर तिच्यासमोर एक लांब काठी धरा, ती आपणहून पकडते. मग तिचं तोंड ज्या बाजूला होतं त्याच बाजूच्या झुडपात काठीसकट ठेवा. उलट्या बाजूला ठेवलीत तर ती परत रस्त्यावर येते.